शांत बसून बघतो हो!

लहान मुलांच्या एखाद्या कार्यक्रमाची शिफारस करताना मोठी माणसं हमखास एक वाक्य बोलतात, "लाव तू, अगदी शांत बसून बघतो!" भिशीत, सोसायटीच्या बागेत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना, सगळीकडे हेच प्रशस्तिपत्र. मूल जागचं हललं नाही, वरणभाताचे घास निमूट गिळत गेलं, म्हणजे कार्यक्रम चांगला. मी बरीच वर्षं बालवर्ग चालवला. त्यामुळे तीन वर्षांचं मूल अर्धा तास हललं नाही असं कोणी सांगितलं की माझा हात आपोआप त्याच्या कपाळाकडे जातो, ताप तर नाही ना!

आता घरात नात आहे, तीन पूर्ण होऊन चौथं लागलेली. सूनबाई नोकरी करते, वाचते, काळजी करते. नवीन काही दिसलं की मोबाईल माझ्यापुढे धरून विचारते, "आई, हे तिला चालेल का?" कोपऱ्यात वयाचा आकडा लिहिलेला असतो. त्या आकड्याचा अर्थ फार तर एवढाच, की आत शिव्या नाहीत, रक्त नाही, मोठ्यांचे चाळे नाहीत. आत काय नाही ते तो सांगतो, काय आहे ते आपलं आपल्यालाच बघावं लागतं. म्हणून मी बघते. नात झोपल्यावर चष्मा लावून डुकरांची, कुत्र्यांची, बोलक्या बसगाड्यांची कार्टून्स बघत बसलेली बाई पाहून आमच्याकडचे आजोबा हसतात. हसोत.

हे 'शांत बसणं' मोजायचं यंत्रसुद्धा आहे. १९६९ साली अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. तो सुरू करणाऱ्या जोन गँझ कूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा विचार सरळ होता : टीव्हीवरच्या जाहिरातींची गाणी पोरांना पाठ होतात, तर त्याच युक्तीने अक्षरं आणि अंक का नाही होणार? गरीब वस्तीतली मुलं शाळेच्या उंबरठ्यावर पोचण्याआधीच मागे पडतात, त्यांच्यापर्यंत बालवाडी घरबसल्या पोचवायची. पण मुलं बघतायत की नाही हे कळणार कसं? एडवर्ड पामर नावाच्या संशोधकाने टीव्हीच्या शेजारी दुसरा पडदा ठेवला आणि त्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रं लावली. मूल कोणत्या क्षणी टीव्ही सोडून त्या चित्रांकडे वळतं, याची नोंद घ्यायला एक माणूस बसवला. या प्रकाराला त्यांनी 'डिस्ट्रॅक्टर' म्हटलं, म्हणजे लक्ष उडवणारा.

मानसशास्त्रज्ञांनी आधी बजावलं होतं की खरी माणसं आणि बोलक्या बाहुल्या एकाच प्रसंगात आणू नका, मुलांचा गोंधळ होईल. त्याप्रमाणे कार्यक्रमातल्या रस्त्यावरच्या प्रसंगांत फक्त माणसं ठेवली होती. त्या वर्षीच्या जुलैत फिलाडेल्फियात चाचणीचे भाग दाखवले, तर बाहुल्या असल्या की नजरा टीव्हीवर आणि माणसं आली की नजरा इकडेतिकडे. मग तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून बाहुल्यांना रस्त्यावर आणलं. उंच पिवळा बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा कुरकुऱ्या ऑस्कर हे त्यातून जन्माला आले. तज्ज्ञापेक्षा मुलाचं ऐकायचं, हे मला तेव्हाच्या त्या लोकांचं फार आवडतं.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलाने पाहिलं, हे कळलं. आता मुलाला काय समजलं? हा दुसरा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि पहिलं वर्ष संपल्यावर बाहेरच्या संस्थेकडून त्याची तपासणीही करवून घेतली.

पन्नासेक वर्षांनी तेच यंत्र लंडनमध्ये दिसलं. 'कोकोमेलन' या बालगीतांच्या कार्टूनची मालकी असलेल्या मूनबग या कंपनीत मुलांवर कार्यक्रमांची चाचणी कशी होते, याचं वर्णन २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं होतं. मोठ्या पडद्यावर कार्यक्रम आणि थोड्या अंतरावरच्या छोट्या पडद्यावर रोजच्या जगण्यातली साधी दृश्यं. कोणी कॉफी ओततंय, कोणाचे केस कापले जातायत. मूल त्या छोट्या पडद्याकडे वळलं की नोंद. त्या यंत्राचं नाव 'डिस्ट्रॅक्टट्रॉन'. ते वर्णन वाचताना मला त्या छोट्या पडद्याचीच दया आली. कॉफी ओतणारा माणूस बघावासा वाटणं ही तीन वर्षांच्या मुलाची खोड नव्हे, त्याचं कामच आहे ते! चहा गाळताना माझी नात ओट्याशी टाचा उंच करून उभी राहते.

नजर खिळली म्हणजे डोक्यात काही शिरलं, हे गृहीतकही कच्चंच. अमेरिकेतच १९७९ साली एक साधा प्रयोग झाला. पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटापुढे फक्त टीव्ही, दुसऱ्यापुढे टीव्ही आणि खेळणी. खेळणीवाल्या मुलांनी टीव्हीकडे जवळजवळ निम्म्याच वेळा पाहिलं. नंतर प्रश्न विचारले तर दोन्ही गटांना सारखंच समजलेलं! खेळता खेळता मुलं कानाने मागोवा ठेवतात आणि कामाचं काही आलं की मान वर करतात. बालवर्ग चालवलेल्या कुठल्याही बाईला हे सांगायला नको. गोष्टीच्या तासाला माझ्याकडे पाठ करून फरशीवर खडूने रेघोट्या ओढणारा एक मुलगा असायचाच, आणि मी गोष्टीतला एक शब्द जरी बदलला तरी मला अडवणारा तोच असायचा.

म्हणून आमच्या घरी टीव्ही लागला की त्याच्यासमोर ठोकळे, बाहुलीची भांडी, जुन्या वह्या पसरलेल्या असतात. कार्यक्रम नातीला खेळ सोडून वर बघायला लावतो का, आणि मग पुन्हा खेळाकडे जाऊ देतो का, हे मी बघते. काही कार्यक्रम जाऊच देत नाहीत. दर दोन सेकंदांनी काही तरी उडतं, फुटतं, चमकतं आणि पोरीच्या हातातला ठोकळा हातातच राहतो. तसे कार्यक्रम मी घरात ठेवत नाही. सून म्हणाली, "पण आई, ती खेळणारच असेल तर मग टीव्ही कशाला?" अगदी बरोबर! मी म्हटलं, मग बंद कर.

आता खरी गंमत. कार्यक्रम चांगल्या हेतूने केलाय, शेवटी बोधही चांगला आहे, म्हणजे तो लहानांना चालतो, असं आपण धरून चालतो. २००८ साली मारी-लुईस मॅरेस आणि एमिली अकोस्टा या दोघींनी 'क्लिफर्ड' या तांबड्या कुत्र्याच्या मालिकेतला एक भाग तपासला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो. बाकीचे कुत्रे त्याला बिचकतात, त्याचं काही आपल्याला लागेल की काय म्हणून लांब पळतात. शेवटी सगळ्यांची दोस्ती होते. शिकवण अशी, की जो आपल्यापेक्षा वेगळा दिसतो त्यालाही सामावून घ्यावं. बालवाडीतून पहिलीत जायच्या वयाच्या मुलांना तो भाग दाखवला आणि विचारलं, काय शिकलात? बहुतेकांचं उत्तर कुत्र्यांपाशीच अडलं : तीन पायांच्या कुत्र्यांशी नीट वागावं. तिथून माणसांपर्यंत, वर्गातल्या एखाद्या वेगळ्या मुलापर्यंत पोचणारी फार थोडी. आणि भागाचा मोठा हिस्सा भीतीतच गेलेला. गोष्ट लिहिणाऱ्याच्या मनात शेवटचं एक मिनिट होतं, मुलांच्या मनात आधीची सगळी मिनिटं राहिली.

मला याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. चार वर्षांचं मूल गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका दोऱ्यात ओवत नाही, त्याला सुटे मणीच दिसतात. मध्ये दहा मिनिटं ढकलाढकली, चिडवणं, "तू आमच्यात नको" असं चाललं आणि शेवटी अर्धा मिनिट "सॉरी" झालं, तर घरी येऊन ते ढकलाढकलीच खेळणार. २००६ च्या एका अभ्यासात तर असंही दिसलं होतं की शैक्षणिक म्हणवणारे कार्यक्रम जास्त बघणाऱ्या बालवाडीतल्या मुलांमध्ये मैत्री तोडण्याची धमकी देणं, एखाद्याला खेळातून वगळणं, असलं वागणं अधिक होतं. संशोधकांचा अंदाज हाच, की भांडण रंगवायला बराच वेळ दिला जातो आणि समेट घाईत उरकला जातो. मारामारीच्या कार्टूनबद्दल सगळे बोलतात. "आजपासून तुझी कट्टी" हे गोड आवाजात शिकवणाऱ्या कार्टूनकडे कोणाचं लक्ष जात नाही.

तेव्हापासून कुठलाही भाग बघताना मी घड्याळाकडे नजर ठेवते. बोध काय आहे ते नंतर. आधी, वेळ कशावर खर्च झालाय? भित्रेपणा दाखवण्यात किती, धीर देण्यात किती? मोडण्यात किती आणि दुरुस्त करण्यात किती?

'छोटा भीम'ला या घड्याळावर लावून बघा. हैदराबादच्या ग्रीन गोल्डने केलेली ही मालिका २००८ पासून पोगोवर आहे. ढोलकपूर, लाडू, चुटकी, राजू, बोलणारा जग्गू माकड आणि सदान्‌कदा खोडी काढणारा कालिया. आपल्या मातीतली पात्रं आहेत, खाणंपिणं आपलं आहे, भीम दुबळ्यांच्या बाजूने उभा राहतो. मला त्याच्याविषयी जिव्हाळा आहे. आधी परदेशी कार्टून्सचंच राज्य होतं, तिथे धोतर नेसलेलं पोरगं नायक झालं ही लहान गोष्ट नव्हे. पण संकट आलं, लाडू खाल्ला, दणके दिले, संकट मिटलं, हा त्याचा साचा. सात-आठ वर्षांच्या मुलाला कळतं की ही गंमत आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात त्यातून फक्त दणका उरतो. म्हणजे भीम वाईट नाही, तो थोड्या मोठ्या मुलांचा आहे. आमच्याकडे तो पहिलीत गेल्यावर येईल, असं सुनेला सांगून टाकलं आहे. शिनचॅनचं तर विचारूच नका. जपानमध्ये योशितो उसुई यांनी तो १९९० साली मोठ्या माणसांच्या साप्ताहिकासाठी काढायला घेतला होता. चित्र साधं, मुलगा पाच वर्षांचा, एवढ्यावरून आपण तो पाच वर्षांच्या मुलांसमोर ठेवला, आणि मग पोरं उलट उत्तरं देतात म्हणून बोंब मारली.

वेगाबद्दल हल्ली खूप बोललं जातं, त्यात थोडी भर घालते. २०११ साली अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाने नऊ मिनिटं खडूने चित्रं काढली, दुसऱ्याने संथ चालीचं एक कार्टून पाहिलं, तिसऱ्याने 'स्पंजबॉब'. लगेच त्यांना छोटी छोटी कामं दिली. "पाय" म्हटलं की डोक्याला हात लावायचा, समोरचा खाऊ थोडा वेळ खायचा नाही, असली. स्पंजबॉबवाल्या मुलांची गाडी बरीच घसरली. वाहिनीचं म्हणणं असं पडलं की आमचा कार्यक्रम मुळात सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. बरं झालं, त्यांनीच सांगितलं! हा परिणाम लगेचचा होता, कायमचं नुकसान झालं असं कोणी दाखवलेलं नाही, हेही सांगायला हवं. आणि पुढे २०१५ च्या प्रयोगांत लिलार्ड यांना दिसलं की वेगापेक्षा अशक्य गोष्टींचा भडिमार जास्त थकवतो. वस्तू हवेतून उगवतात, माणूस सपाट होऊन पुन्हा फुगतो, आणि जग कसं चालतं हे नुकतंच जुळवू लागलेल्या डोक्याला दर क्षणी पाटी पुसावी लागते. नुसती दृश्यं मोजून भागत नाही म्हणायचं. पडद्यावर जे चाललंय ते मुलाच्या ओळखीच्या जगाला किती धरून आहे, हेही बघायला हवं.

डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली, तेव्हा महागडी साधनं न आणता शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच शिकण्याची साधनं केली. मुलाच्या पायाखाली जे आहे तिथून सुरुवात. माझ्या पिढीच्या बालवाडीताई याच संस्कारातल्या. त्यामुळे टीव्हीवरसुद्धा माझं मन अशा कार्यक्रमाकडे ओढ घेतं, ज्यात कोणी बूट घालतंय, आजीकडे जातंय, दात पडलाय म्हणून रडतंय. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स नावाच्या गृहस्थांचा कार्यक्रम १९६८ पासून २००१ पर्यंत चालला. घरी यायचं, कोट काढून स्वेटर घालायचा, बूट बदलायचे, माशांना खाणं घालायचं. बस्स! एका अंध मुलीच्या घरून पत्र आलं की मासे उपाशी तर नाहीत ना, अशी तिला काळजी वाटते. तेव्हापासून ते मोठ्याने सांगू लागले, "मी आता माशांना खाणं घालतोय." आजच्या कुठल्या मोबाईलवर त्या क्षणी बोट पुढे सरकल्याशिवाय राहील?

थांबणं आणि पुन्हा पुन्हा सांगणं, या दोन्ही बाबतीत आपली जुनी गोष्ट टीव्हीच्या फार पुढे होती. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो दार ठोठावतो, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आणि चिऊताई म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, माझ्या बाळाला काजळ घालू दे. थांब, माझ्या बाळाला टीट लावू दे. दर वेळी तीच हाक, दर वेळी नवं उत्तर, आणि ते उत्तर रोजच्या मोरीतलं आणि पाळण्यातलं. सांगणारी आजी "थांब" म्हणून खरंच थांबते, मग पोर पुढचं बोलतं. (काही घरांत शेवटी कावळ्याला चटका बसतो. तो भाग मी गाळते. माझ्याकडचा कावळा गरम खिचडी खाऊन झोपतो.)

१९९६ मध्ये 'ब्लूज क्लूज' हा मुलांचा कार्यक्रम करणाऱ्यांनी हेच दोन धागे पकडले. सूत्रधार स्टीव्ह प्रश्न विचारतो आणि कॅमेऱ्याकडे बघत गप्प राहतो. मोठ्यांना ती शांतता अवघडल्यासारखी वाटते, तीन वर्षांच्या मुलाला विचार करून ओरडायला तेवढा वेळ लागतोच. शिवाय एकच भाग लागोपाठ पाच दिवस दाखवायचा! अभ्यासात असं दिसलं की मुलांचं बघणं फारसं कमी होत नाही, उलट दिवसागणिक समजूत वाढते आणि उत्तरं देणाऱ्यांचा आवाज चढतो. "रोज तेच काय बघतेस?" असं नातीला विचारणाऱ्या आजोबांना मी हे ऐकवलं. ते रोज सकाळी तीच बातमी तीन वाहिन्यांवर बघतात, हेही ऐकवलं. मात्र सूत्रधार प्रश्न विचारून अर्ध्या सेकंदात स्वतःच उत्तर देऊन टाळ्या पिटतो असे नकली 'बोलके' कार्यक्रम आता रग्गड झालेत. तिथे माझ्याकडून सरळ फुली.

चांगला कार्यक्रमही एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना वेगळा होतो. 'पेपा पिग' ब्रिटनची, २००४ पासूनची. भाग पाच मिनिटांचा, घर साधं, संकटं छोटी. सुरुवातीच्या भागांत गाडीत कोणी पट्टा बांधत नव्हतं. पालकांनी तक्रारी केल्या, मग पट्टे काढले गेले, म्हणजे चित्रात काढले गेले. कोळ्यांना घाबरू नका, ते काही करत नाहीत, असं सांगणारा तिचा एक भाग ऑस्ट्रेलियात अडचणीचा ठरला आणि तिथल्या सरकारी वाहिनीने तो बाजूला ठेवला, कारण तिथले काही कोळी खरोखर विषारी. आपल्याकडे पेपाचं आवडतं काम आहे चिखलाच्या डबक्यात उड्या मारणं. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात दर वर्षी महापालिका बजावते की साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नका, लेप्टोस्पायरोसिस होतो. २००५ च्या महापुरानंतर त्याची साथ आम्ही पाहिली आहे. मग पेपा बंद करायची? मी नाही केली. पण तिच्या पायात गमबूट असतात हे मी दर वेळी दाखवते, आणि गच्चीवर टबात पाणी ओतून उड्या मारायला देते. सोबत कोणी बसलेलं असलं की असे भाग चालतात. एकटीला लावून दिलेली पेपा आणि मांडीवर बसून पाहिलेली पेपा हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत.

भाषेचं थोडक्यात. महाराष्ट्रातल्या घराघरांत पोरं "आई, मुझे पानी चाहिए" म्हणतात ती कार्टूनमुळे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला हिंदीचं वावडं नाही. २००६ मध्ये आलेल्या 'गली गली सिम सिम'मधली शाळेच्या गणवेशातली चमकी मला तर फार आवडायची. पण ज्या वयात शब्द माणसाच्या तोंडाकडे बघून शिकले जातात त्या वयात टीव्ही कच्चा गुरू आहे. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना समोर बसून चिनी भाषेत गोष्टी वाचून दाखवल्या तर ती त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागतात. तेच वाचन, तीच माणसं पडद्यावर दाखवली, तर काहीच नाही.

दोन वर्षांच्या आतल्या मुलांबद्दल म्हणूनच मी चर्चेत पडत नाही. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस स्पष्ट आहे : दोनच्या आत पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, आणि तोही कोणीतरी सोबत असताना. दोन वर्षांच्या मुलाला शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना खिडकीतून दाखवलं तर ते जाऊन शोधून आणतं. तेच टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं तर खोलीत जाऊन गोंधळतं. ट्रोसेथ आणि डेलोश यांचा १९९८ चा हा प्रयोग वाचल्यावर 'बाळाला हुशार करणाऱ्या' चित्रफिती विकणाऱ्यांच्या धाडसाचं मला कौतुकच वाटलं. डिस्नेने २००९ मध्ये 'बेबी आइनस्टाइन'च्या डीव्हीडी परत घेऊन पैसे द्यायची तयारी दाखवली होती, ते उगाच नव्हे.

आणि तरीही, सून घरून काम करते त्या दिवशी मीटिंग आणि कुकर एकाच वेळी बोलवायला लागले की टीव्ही लावते. मी तिला एका शब्दाने बोलत नाही. आमच्या वेळी वाड्यात चार जावा, दोन आत्या आणि शेजारच्या काकू असायच्या. तिच्या वाट्याला दोन खोल्या आणि मी आहे, तीही गुडघे धरून. मी फक्त एकच हट्ट धरला. आपोआप पुढचा भाग सुरू होतो ते बंद करून घेतलं. पाच-सात मिनिटांचा भाग संपला की तो संपायला हवा. त्यानंतर पोर काय करते ते मला बघायचं असतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये तयार होणाऱ्या 'ब्लूई'चा भाग संपला की ती उशा रचून दवाखाना मांडते आणि आजोबांना पेशंट करते. ती मालिका बघून आईबापांना आपण कमी पडतो असं वाटतं म्हणे, पण ते त्यांचं ते बघतील. एक गाण्यांचा कार्यक्रम असा होता, की तो संपला की ती रिमोट मागायची, रडायची आणि नंतर त्यातलं काहीच खेळत नसे. तो गेला.

एवढी छाननी करणाऱ्या आमच्या घरात संध्याकाळी सात ते दहा टीव्ही चालूच असायचा. त्यात सासू विष कालवायची, बातम्यांत आठ चौकटींतून आठ माणसं एकमेकांवर ओरडायची, आणि नात तिथेच सतरंजीवर ठोकळे लावायची. ते तिच्यासाठी नव्हतंच, त्यामुळे "चालेल का" हा प्रश्न कोणाला सुचला नाही. पण तिने सगळ्यात जास्त काय पाहिलं याचा हिशेब मांडला तर सगळी कार्टून्स मागे पडतील. २००९ मध्ये क्रिस्टाकिस आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अंगरख्याच्या खिशात छोटं ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून घरातलं बोलणं मोजलं होतं. टीव्हीचा आवाज चालू असलेल्या दर तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द साधारण ७७० नी कमी व्हायचे. मोठी माणसं गप्प होऊन बघत असतात, दुसरं काय! शांत बसून.

हे मी घरात जाहीर केलं तेव्हा माझ्याच मालिकेवर आधी गदा आली. ती आता मी नात झोपल्यावर मोबाईलवर, कानात बोंडं घालून बघते. बातम्या आजोबांनी सकाळच्या पेपरावर भागवायच्या असं ठरलं, तेही त्यांनी कुरकुरत मान्य केलं. क्रिकेटवर मात्र घोडं अडलंय. त्यांचं म्हणणं असं की कसोटी सामना संथ असतो, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवतात, मध्ये थांबतात आणि नात चेंडू घेऊन खेळायला लागते, तेव्हा माझ्या सगळ्या कसोट्यांवर तो उतरतो. मुद्दा तसा बिनतोड आहे. मी फक्त दर षटकानंतरच्या जाहिराती मोजायला बसले आहे.